किल्ली राहिली कपाटात

शीळफाट्याला राहणाऱ्या माझ्या भाचीनं मध्यंतरी जुन्या संगणकावर विंडोज नव्यानं टाकली. सगळं चालू झालं, इंटरनेट मात्र लागेना. प्रवेशअर्जाची मुदत त्याच रात्री बाराला संपत होती, आणि दुकान गाठायचं तर कल्याण-शीळ रस्त्यावरची कोंडी!

मंडळी, नेटवर्क कार्ड आणि विंडोज यांच्यातला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. तो मिळतो इंटरनेटवर, आणि त्याच्याशिवाय इंटरनेट नाही. किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून घ्यावं, तसं झालं.

फोनवरून मी म्हटलं, ‘‘डिव्हाइस मॅनेजर उघड. पिवळ्या उद्गारचिन्हाच्या नोंदीत हार्डवेअर आयडी बघ. ‘व्हेन’पुढे १०ईसी असेल तर कार्ड रिअलटेकचं, ८०८६ असेल तर इंटेलचं.’’ (८०८६ ही इंटेलची १९७८ सालची गाजलेली चिप. कंपनीनं तो आकडा हौसेनं जपलेला दिसतो.)

निघालं रिअलटेकचं. मग तिनं अँड्रॉइड मोबाइल केबलनं संगणकाला जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये बहुधा आधीच असतो. भलत्या संकेतस्थळांच्या नादी न लागता तिनं कार्डाचा ड्रायव्हर थेट संगणक बनवणाऱ्या कंपनीकडून उतरवला.

अर्ज गेला तेव्हा साडेअकरा झाले होते.