केआय-६७ : वाढत्या पेशींचा माग काढणारे प्रतिपिंड

स्तनाच्या कर्करोगाच्या पॅथॉलॉजी अहवालात ईआर, पीआर आणि हर-२ या चाचण्यांच्या खाली बहुधा आणखी एक ओळ असते : केआय-६७, आणि तिच्यापुढे टक्केवारी. गाठीतल्या शंभर कर्कपेशींपैकी किती पेशी विभाजनाच्या मार्गाला लागल्या आहेत, याचा अंदाज या आकड्यावरून येतो. केआय-६७ हे पेशीच्या केंद्रकातले प्रथिन आहे. पेशी विभाजनाच्या चक्रात असली की ते आढळते. ती विश्रांत अवस्थेत गेली की जवळपास नाहीसे होते. सूक्ष्मदर्शकाखाली ते आपोआप दिसत नाही. त्यासाठी नेमके त्यालाच चिकटणारे प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, वापरावे लागते. अहवालातला आकडा कितपत भरवशाचा, हे या प्रतिपिंडावर आणि ते वापरण्याच्या पद्धतीवर ठरते.

पेशीविभाजनाचे चक्र चार टप्प्यांचे असते. जी-१ मध्ये पेशी वाढते, एस मध्ये डीएनएची दुसरी प्रत तयार होते, जी-२ मध्ये विभाजनाची तयारी होते आणि एम टप्प्यात एका पेशीच्या दोन होतात. प्रौढ शरीरातल्या बहुतेक पेशी या चक्राबाहेर, जी-शून्य अवस्थेत असतात. केआय-६७ चारही टप्प्यांत सापडते आणि जी-शून्यमध्ये सापडत नाही, म्हणूनच ते खूण म्हणून उपयोगी पडते. एम टप्प्यात ते गुणसूत्रांच्या पृष्ठभागावर पसरते. या थरामुळे गुणसूत्रे एकमेकांना चिकटत नाहीत, सुटी राहतात, असे व्हिएन्नातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. मात्र हे प्रथिन तयारच होऊ न दिलेले उंदीरही जन्मतात आणि वाढतात. म्हणजे केआय-६७ पेशीला विभाजन करायला लावत नाही. विभाजन चालू असल्याचे कळवते.

या प्रथिनाचा शोध उलट्या क्रमाने लागला : आधी प्रतिपिंड हाती आले, प्रथिन मागाहून ओळखले गेले. जर्मनीतील कील शहरात योहानेस गेर्डेस, हाराल्ड श्टाइन आणि त्यांचे सहकारी हॉजकिन लिंफोमाच्या पेशींवर काम करत होते. त्या पेशींची केंद्रके त्यांनी उंदरांना टोचली. उंदरांच्या शरीरात त्यांतल्या अनेक प्रथिनांविरुद्ध निरनिराळी प्रतिपिंडे तयार झाली. त्यांतून एकेक प्रतिपिंड वेगळे काढण्याची युक्ती केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोलर आणि सीझर मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये शोधली होती. प्रतिपिंड बनवणारी बी-पेशी शरीराबाहेर फार काळ तग धरत नाही; मायलोमा या कर्करोगाची पेशी मात्र बेसुमार वाढत राहते. या दोन पेशींचा संकर केला की अखंड वाढणारी आणि एकाच प्रकारचे प्रतिपिंड देणारी पेशी मिळते. तिला हायब्रिडोमा म्हणतात आणि तिच्यापासून मिळणाऱ्याला मोनोक्लोनल प्रतिपिंड. या शोधासाठी दोघांना १९८४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कीलच्या गटाने असे संकर ९६ खळग्यांच्या तबकडीत वाढवून तपासले. ज्या क्लोनचे प्रतिपिंड फक्त वाढत्या पेशींच्या केंद्रकांवर बसत होते, त्याचा क्रमांक ६७ होता. कील (Kiel) शहराच्या नावाची पहिली अक्षरे आणि हा क्रमांक मिळून नाव झाले. १९८३ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले.

या पहिल्या प्रतिपिंडाला एक मोठी मर्यादा होती. ते फक्त ताज्या, गोठवलेल्या ऊतीवर चालत असे. रुग्णालयात काढलेला तुकडा मात्र फॉर्मॅलिनमध्ये टाकतात आणि नंतर मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. फॉर्मॅलिनमुळे प्रथिने एकमेकांशी बांधली जातात आणि प्रतिपिंड जिथे चिकटायचे तीच जागा झाकली जाते. १९९२ मध्ये बोर्स्टेल येथे तयार झालेल्या एमआयबी-१ या प्रतिपिंडाने ही अडचण दूर केली. स्लाइड योग्य द्रावणात उकळली की झाकलेली जागा मोकळी होते आणि एमआयबी-१ तिथे चिकटते. त्यामुळे कपाटात वर्षानुवर्षे पडून असलेले जुने ठोकळेही तपासता येऊ लागले.

प्रयोगशाळेत हे काम ठरलेल्या क्रमाने चालते. ठोकळ्याचे मायक्रोटोम यंत्रावर तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घेतात, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन-चार पट. काप पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर घेतात, झायलीनने मेण काढतात आणि स्लाइड सायट्रेट किंवा तत्सम द्रावणात तापवतात. त्यासाठी खास यंत्रे मिळतात. कित्येक ठिकाणी साधा प्रेशर कुकरही वापरला गेला आहे. ऊतीत मुळात असलेल्या पेरॉक्सिडेझ विकराने खोटा रंग देऊ नये म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड लावतात. मग केआय-६७ चे प्रतिपिंड आणि त्यावर त्याला पकडणारे, विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड घालतात. शेवटी डीएबी हे रसायन टाकले की प्रतिपिंड जिथे बसले असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. उरलेली केंद्रके हिमॅटॉक्सिलिनने निळी दिसतात. पॅथॉलॉजिस्ट किमान ५०० कर्कपेशी पाहून तपकिरी केंद्रकांचे प्रमाण काढतो.

गोंधळ होतो तो या मोजणीत. ऊती फॉर्मॅलिनमध्ये उशिरा पडली, स्लाइड कमी तापली, किंवा मोजणीसाठी गाठीचा वेगळा भाग निवडला, तर त्याच गाठीचा आकडा बदलतो. सेंट गॅलेन येथील तज्ज्ञांच्या परिषदेने २०११ मध्ये केआय-६७ कमी की जास्त हे ठरवण्यासाठी १४ टक्के ही सीमारेषा सुचवली होती. दोनच वर्षांनी २० टक्क्यांचा विचार पुढे आला. केआय-६७ वर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ मध्ये अधिक सावध भूमिका घेतली. ईआर पॉझिटिव्ह आणि हर-२ निगेटिव्ह असलेल्या सुरुवातीच्या रोगात ५ टक्के वा त्याहून कमी आणि ३० टक्के वा त्याहून जास्त हे आकडे पुढील उपचार ठरवताना उपयोगी धरावेत. मधल्या पट्ट्यात एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीशी जुळेलच असे नाही, असे या गटाने म्हटले. म्हणून १८ आणि २२ टक्के यांतल्या फरकावर रुग्णाने फार विसंबू नये.

रुग्ण ठाण्यातला असो की डोंबिवलीतला, स्थानिक रुग्णालयात बायोप्सी झाल्यावर पुढे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जायचे झाले की नातेवाइकांना ‘ब्लॉक आणि स्लाइड’ बरोबर न्यायला सांगतात. हा ब्लॉक म्हणजेच तो मेणाचा ठोकळा. त्याचे नवे काप घेऊन चाचणी पुन्हा करता येते. म्हणून ठोकळा सांभाळून ठेवणे आणि उन्हातान्हात वितळू न देणे महत्त्वाचे.

टाटा मेमोरियल केंद्राची संशोधन शाखा ‘ॲक्ट्रेक’ खारघरला आहे. तिचे मूळ परळमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात आहे. तिथेच पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर पेशी जगवण्याच्या या तंत्राशिवाय हायब्रिडोमाही शक्य नव्हता.

ॲक्ट्रेकमधील संशोधकांनी पेशीविभाजनाशी निगडित असलेल्या दुसऱ्या एका प्रतिपिंडाचा वापर केला. गुणसूत्रांत डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांपैकी एक हिस्टोन एच-३. विभाजनाच्या वेळी त्याच्या दहाव्या जागेवरील सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडला जातो. फक्त हा फॉस्फेट जोडलेला एच-३ ओळखणारे प्रतिपिंड एम टप्प्यातल्या पेशी ठळक दाखवते, म्हणून विभाजनाची खूण म्हणून ते जगभर वापरतात. जठराच्या कर्करोगावरील २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲक्ट्रेकच्या गटाने गाठ आणि शस्त्रक्रियेत तिच्यासोबत काढलेली निरोगी कड यांची तुलना केली. फॉस्फेटयुक्त एच-३ गाठीत जास्त होते. कडेचा नमुना गाठीपासून जितका दूरचा, तितके त्याचे प्रमाण कमी होते. या वाढीमागे एमएसके-१ हे किनेज विकर असल्याचेही दिसून आले. म्हणजे विभाजनाची खूण समजला जाणारा रंग दुसऱ्या कारणानेही गडद होऊ शकतो.

यासाठीच प्रत्येक प्रतिपिंडाची पारख करून घ्यावी लागते. ज्या पेशींत ते प्रथिन तयारच होत नाही, तिथे रंग येता कामा नये. केआय-६७ च्या प्रत्येक फेरीत टॉन्सिलचा एक काप सोबत रंगवतात. टॉन्सिलमध्ये झपाट्याने वाढणाऱ्या बी-पेशींचे पुंजके असतात, तिथे गडद तपकिरी रंग उमटायलाच हवा. आजूबाजूच्या विश्रांत पेशी निळ्याच राहायला हव्यात. प्रतिपिंडाची नवी खेप आली की ती जुन्या खेपेशी ताडून पाहतात. या पायऱ्या पाळल्या गेल्या असतील, तर अहवालातली टक्केवारी डॉक्टरला गाठीचा दर्जा, ईआर-पीआर आणि हर-२ यांच्या जोडीने उपचार ठरवायला उपयोगी पडते. एकट्या केआय-६७ वर कोणताही निर्णय घेतला जात नाही.