जिंकायची सवय

१९८७ च्या सप्टेंबरात आम्ही बॉस्टनला लागून असलेल्या समरव्हिलमध्ये बिऱ्हाड थाटले. तीन मजली लाकडी घर, त्यातला मधला मजला आमचा. तळमजल्यावर घरमालक राहात. निवृत्त पोस्टमन, आयरिश वंशाचे, वयाची पासष्टी उलटलेले. संध्याकाळी पुढच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून ते रेडिओवर बेसबॉलचे धावते वर्णन ऐकत बसत आणि मधूनच असा सुस्कारा सोडीत, की घरात काही वाईट बातमी आली असावी. एकदा न राहवून मी विचारले, "काय झालं?" ते म्हणाले, "अजून काही नाही. पण होईल."

हा केवळ एका म्हाताऱ्याचा स्वभाव नसून सबंध शहराचा आहे, हे कळायला मला दोन-तीन मोसम लागले.

बॉस्टनचा संघ म्हणजे रेड सॉक्स. मोसमात १६२ सामने, म्हणजे उन्हाळाभर जवळजवळ रोज एक. मग ऑक्टोबरात मोजक्या संघांची बाद फेरी आणि शेवटी 'वर्ल्ड सिरीज'. तीत चार सामने आधी जिंकेल तो विजेता. हा मान बॉस्टनला शेवटचा मिळाला होता १९१८ साली. पुढच्याच वर्षअखेरीस संघमालकाने बेब रूथ हा आपला सर्वांत मोठा खेळाडू न्यूयॉर्कच्या यँकीजना विकून टाकला. तोवर एकही विजेतेपद नावावर नसलेल्या यँकीजनी पुढे विजेतेपदांची रास घातली. बॉस्टनच्या वाट्याला आली ती प्रतीक्षा. १९४६, १९६७, १९७५ आणि १९८६ अशा चार वेळा संघ अंतिम मालिकेत पोचला आणि चारही वेळा सातव्या, निर्णायक सामन्यात हरला. १९८६ मध्ये तर सहाव्याच सामन्यात विजय अक्षरशः एका चेंडूवर येऊन ठेपला होता. तो निसटला, आणि शेवटी बिल बकनर या बुजुर्ग खेळाडूच्या दोन पायांमधून साधा घरंगळत आलेला चेंडू निघून गेला.

आपल्याकडे पानिपताची गोष्ट सांगतात, तसे घरमालक हा प्रसंग सांगत. कोण कुठे उभा होता, कोणाला आधीच मैदानाबाहेर बोलवायला हवे होते, कुठे दैव फिरले. किराणा दुकानात, बसथांब्यावर, न्हाव्याकडे मी हीच गोष्ट ऐकली. परक्या देशातून आलेल्या माणसाला हे फार सोयीचे असते. हवापाण्याखेरीज बोलायला दुसरा विषय मिळतो, आणि हळहळायला व्याकरण लागत नाही.

या हळहळीला शब्द पुरवले ते वृत्तपत्रांनी. बेब रूथला विकल्याचा 'शाप' या संघाला भोवतो, ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली दंतकथा असावी असा माझा समज होता. पण ती घरोघर पोचली ती 'बॉस्टन ग्लोब'चे स्तंभलेखक डॅन शॉनेसी यांच्या १९९० सालच्या पुस्तकामुळे. म्हणजे मी तिथे राहायला गेल्यावर! क्रीडापान उघडावे तर कीर्तनच. पूर्वरंगात एप्रिलची आशा, उत्तररंगात सप्टेंबरची निराशा. आख्यान ठाऊक असूनही लोक रोज पेपर घेत, कारण ते सगळ्यांचे होते.

आता यावर कोणी म्हणेल, की पराभवानेच भक्ती वाढते. घरमालकांना हे मुळीच मान्य नव्हते. १९६५ साली संघ शंभर सामने हरला. त्या सप्टेंबरात डेव्ह मोरहेड या तरुण पिचरने प्रतिपक्षाला अख्ख्या सामन्यात एकही हिट मिळू दिला नाही. एवढा पराक्रम पाहायला फेनवे पार्कवर माणसे होती १,२४७! दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, संघ अनपेक्षितपणे अंतिम मालिकेत गेला आणि प्रेक्षकांची संख्या सतरा लाखांवर पोचली. "लोकांना हरणं आवडत नाही," घरमालक म्हणत, "थोडक्यात हुकणं आवडतं."

१९९३ च्या उन्हाळ्यात माझे वडील दादरहून आमच्याकडे आले. दोन्ही म्हाताऱ्यांची व्हरांड्यात छान गट्टी जमली. "तुमचा संघ कोणता?" असे विचारल्यावर बाबांनी सांगितले, "मुंबई. रणजी करंडक लागोपाठ पंधरा वर्षं आमच्याकडे होता." घरमालकांनी बाबांकडे असे पाहिले, की जणू शेजारी रॉकफेलर येऊन बसला आहे. "पंधरा वर्षं रोज काय वाटत असेल हो तुम्हाला?" बाबा नुसते हसले.

रात्री जेवताना मला म्हणाले, "अरे, त्यांना काय सांगणार! ५८-५९ पासून ७२-७३ पर्यंत जिंकलो खरे. पण ती पंधरा वर्षं मला वेगवेगळी आठवतच नाहीत. सगळी एकच वाटतात. आठवतं ते चौऱ्याहत्तर साल. बंगलोरला सेमीफायनलला कर्नाटकनं हरवलं. प्रसन्नानं सुनीलला काढलं, वाडेकर धावबाद झाला. त्या दिवशी आमच्या ऑफिसात कोणाला काम सुचेना."

हे बोलणे तेव्हा मी फारसे मनावर घेतले नाही.

२००३ च्या ऑक्टोबरात यँकीजविरुद्धच्या निर्णायक सामन्यात आठव्या डावापर्यंत बॉस्टन ५-२ असे पुढे होते. थकलेल्या पेड्रो मार्टिनेझला व्यवस्थापकांनी गोलंदाजीवर ठेवले, आघाडी गेली, आणि मध्यरात्रीनंतर अकराव्या डावात आरन बूनच्या होमरनने सामनाही गेला. सकाळी घरमालक पेपर उचलायला बाहेर आले. तो उघडलाच नाही. घडी तशीच काखेत मारून आत गेले. जानेवारीत ते वारले. ब्याऐंशी वर्षांचे होते. त्यांच्या मुलीने तो रेडिओ मला दिला.

पुढे नऊच महिन्यांनी तो चमत्कार झाला. यँकीजविरुद्ध पहिले तिन्ही सामने गमावलेल्या संघाने पुढचे चार ओळीने जिंकले. बेसबॉलच्या इतिहासात हे कोणी केले नव्हते. मग सेंट लुईसचा ४-० असा धुव्वा. २७ ऑक्टोबर २००४ च्या त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. ज्योतिषावर विश्वास नसलेली माणसेही गच्चीवर जाऊन चंद्राकडे पाहून आली.

दुसऱ्या दिवशी मी ताजा पेपर घेऊन दफनभूमीत गेलो. मला वाटले होते, हे खूळ माझ्या एकट्याचे असेल. तिथे कितीतरी थडग्यांवर रेड सॉक्सचे झेंडे, टोप्या आणि वृत्तपत्रे ठेवलेली होती. कोणी कोणाशी बोलत नव्हते. घरमालकांच्या दगडाशी पेपर ठेवला. वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक धोंडा ठेवला आणि परत आलो.

इथे गोष्ट संपली असती तर सुखान्त झाली असती. पण जिंकल्यानंतरही मोसम असतातच.

२००७ मध्ये संघ पुन्हा जिंकला. २०१३ मध्ये, मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांच्या जखमा ताज्या असताना, तिसऱ्यांदा. २०१८ मध्ये १०८ सामने जिंकून चौथ्यांदा. मे २००३ ते एप्रिल २०१३ या काळात लागोपाठ ८२० सामन्यांची सर्व तिकिटे खपली, असा संघाचा हिशेब. शेवटी शेवटी रिकाम्या खुर्च्या दिसत असूनही आकडा वाढतच राहिला. सदतीस-अडतीस हजारांचे ते जुने, अडचणीचे मैदान प्रतिष्ठेची जागा बनले. गुलाबी टोप्या घालून येणाऱ्या नवप्रेक्षकांना जुने लोक 'पिंक हॅट' म्हणून हिणवू लागले. सोवळे-ओवळे आपल्याकडेच असते असे नाही! हरत होतो तोवर 'तू खरा की मी खरा' हा प्रश्नच नव्हता. दुःखात वाटेकरी कोणीही चालतो. विजयात मात्र वाटणी सुरू झाली.

वृत्तपत्रांची भाषाही पालटली. कीर्तन संपले आणि हिशेबतपासणी आली. कोणत्या खेळाडूवर किती कोटी डॉलर घातले, कोणाचा करार चुकला, याचीच चर्चा. २०११ च्या सप्टेंबरात संघ २७ पैकी २० सामने हरला, तेव्हा 'ग्लोब'ने सविस्तर वृत्तान्त छापला, की सामना चालू असताना काही पिचर आत बसून तळलेली कोंबडी खात नि बिअर पीत होते. दोन विजेतेपदे मिळवून देणारे व्यवस्थापक टेरी फ्रँकोना तत्पूर्वीच गेले होते. एके काळी पराभव झाला की गाव दैवाला बोल लावी. आता दैव रजेवर, आरोपी पाहिजे. जिंकणे हा पगार झाला होता, आणि पगार थकला की माणूस साहेबाच्या केबिनमध्ये घुसतो.

आणि साहेब तरी कोण? २००२ पासून संघाच्या मालकांत 'ग्लोब'ची तेव्हाची मालक न्यूयॉर्क टाइम्स कंपनी भागीदार होती. ज्या वाहिनीवर सामने दिसतात, तिचीही बहुतांश मालकी संघाकडेच. पुढे २०१३ मध्ये संघाचे प्रमुख मालक जॉन हेन्री यांनी खुद्द 'ग्लोब'च सात कोटी डॉलरला विकत घेतला. तिथले पत्रकार मालकाच्या संघावर आजही कठोर लिहितात, हे नमूद केलेच पाहिजे. पण वाचकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकते ती चुकचुकतेच. पूर्वी संघ आणि पेपर दोन्ही 'आपले' वाटत. आता दोन्ही एकाच घरचे वाटतात, आणि ते घर आपले नव्हे.

तरीही जिंकणे वाईट, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एप्रिल २००८ मध्ये मोसमातल्या घरच्या मैदानावरील पहिल्या सामन्याला चेंडू टाकण्यासाठी बिल बकनरला बोलावले होते. पांढरे केस, संथ चाल. सगळे मैदान उभे राहून टाळ्या वाजवू लागले आणि तो डोळे पुसत होता. बावीस वर्षे एका चुकीचे ओझे वाहिलेल्या माणसाला गावाने मोकळे केले. मन मोठे करायलाही कधीकधी आधी पोट भरलेले असावे लागते.

माझा मुलगा १९९६ चा. बाविसाव्या वर्षापर्यंत त्याने चार विजेतेपदे पाहिली. २०१३ ची अंतिम मालिका कोणाविरुद्ध होती, असे मी मध्यंतरी त्याला विचारले. त्याने फोन काढला. मी हसायला लागलो आणि लक्षात आले, की मलाही क्षणभर आठवले नव्हते. बाबांचे ते जेवतानाचे वाक्य आठवले. बाबा आता नाहीत.

२०२० च्या फेब्रुवारीत संघाने मूकी बेट्स हा आपला सर्वांत गुणी खेळाडू लॉस एंजेलिसला देऊन टाकला. बेब रूथची आठवण निघाली. शाप मात्र कोणी काढला नाही. सगळे पगारपत्रकावरच बोलले. त्या वर्षी संघ आपल्या गटात तळाला गेला. २०२२ आणि २०२३ मध्येही तेच. २०२३ च्या सप्टेंबरात आम्हा बापलेकांना मनासारखी जागा सहज मिळाली. गार वारा सुटलेला, आजूबाजूला रिकाम्या खुर्च्या. संघ हरत होता. पुढच्या रांगेत एक आजी मांडीवर कागद ठेवून पेन्सिलीने एकेक चेंडू टिपत होत्या. निकाल जणू त्यांच्या खिजगणतीतच नव्हता.

आठव्या डावात मुलगा म्हणाला, "बाबा, शहाऐंशी साली नक्की काय झालं होतं?"

इतक्या वर्षांत त्याने हे कधी विचारले नव्हते. त्याला कधी गरजच पडली नव्हती. मी कोटाची बटणे लावली आणि सांगायला सुरुवात केली. कोण कुठे उभा होता, कोणाला आधीच मैदानाबाहेर बोलवायला हवे होते... समोरच्या आजींची पेन्सिल थांबली. मागे वळून त्या म्हणाल्या, "नाही, नाही. त्याआधीचं सांग. खरी चूक त्याआधीच झाली होती."