चमत्कार: भाविक हळवे, चर्च संशयी

‘दोन चमत्कार केले की व्हॅटिकन संतपद देतं,’ असं अनेकजण ठामपणे सांगतात. मदर तेरेसांना २०१६ मध्ये संत घोषित केलं, तेव्हा आपल्याकडच्या वादाचा रोखही हाच होता: या बाईंनी कधी चमत्कार केले? कॅथलिक शिकवण वेगळंच सांगते. चमत्कार देव करतो, संत मध्यस्थी करतो. शिवाय संतपदासाठी लागणारे चमत्कार त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतरचे असावे लागतात. मदर तेरेसांच्या बाबतीत ग्राह्य धरलेली दोन्ही आजारपणं त्या गेल्यानंतर बरी झालेली आहेत.

दोनाचा आकडाही अढळ नाही. गोव्यातल्या बाणावलीचे फादर जोसेफ वाझ डचांच्या अमलाखालच्या श्रीलंकेत, कॅथलिक धर्मगुरूंना बंदी असताना, वेष पालटून शिरले आणि १७११ मध्ये कँडीत वारले. १९९५ मध्ये ते ‘धन्य’ घोषित झाले; ही संतपदाच्या आधीची पायरी. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या चमत्काराची अट बाजूला ठेवून कोलंबोत त्यांना संत जाहीर केलं. श्रद्धेपायी मारल्या गेलेल्या हुतात्म्यांना तर धन्य घोषित करताना चमत्काराची गरजच नसते. जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवापुढे लाखो लोक रांगा लावतात. लावोत. पण शव न कुजणं हा आज संतपदासाठी लागणारा चमत्कार धरला जात नाही.

‘दुखणं बरं झालं की चर्च लगेच चमत्काराचा शिक्का मारतं,’ हा त्याहून मोठा गैरसमज. फ्रान्समधलं लुर्द इथे पाहण्यासारखं आहे. १८५८ मध्ये बर्नादेत सुबिरू या गरीब मुलीने आपल्याला गुहेत येशूच्या आईचं, मारियेचं दर्शन झाल्याचं सांगितलं, आणि तिथल्या झऱ्यावर आजाऱ्यांची रीघ लागली. १८८३ पासून तिथे चक्क डॉक्टरांचं कार्यालय आहे. बरं झाल्याचं सांगायला येणाऱ्याला आधी जुने कागद मागतात: निदान काय होतं, कुणी केलं, औषधं कोणती चालू होती. आजार गंभीर हवा. बरं होणं एकाएकी आणि पूर्ण हवं, ते उपचारांमुळे झालेलं नसावं आणि पुढे टिकायला हवं. म्हणून वर्षानुवर्षं पुन्हा तपासण्या होतात. या कसोट्यांचा पाया अठराव्या शतकात प्रॉस्पेरो लांबर्तिनी यांनी घातला. तेच पुढे पोप बेनेडिक्ट चौदावे झाले. डॉक्टर ‘चमत्कार’ म्हणत नाहीत. आजच्या वैद्यकशास्त्राला याचं कारण सांगता येत नाही, एवढंच ते लिहून देतात. पुढचा निर्णय त्या रुग्णाच्या धर्मप्रांताच्या बिशपचा. बरं झाल्याच्या सात हजारांहून अधिक नोंदी, आणि २०१८ पर्यंत मान्य झालेले चमत्कार सत्तर. खुद्द बर्नादेत क्षयाने पस्तिसाव्या वर्षी गेली, तरी १९३३ मध्ये संत ठरली.

आता कुणी म्हणेल, कारण सापडलं नाही म्हणजे देवाने केलं, हे कुठलं तर्कशास्त्र? आक्षेप रास्त आहे, आणि माझ्या मते त्याला वैज्ञानिक उत्तर नाही. बिशपचा निर्णय श्रद्धेच्या प्रांतातला आहे. तो प्रयोगशाळेचा अहवाल म्हणून वाचणारे भक्त आणि टीकाकार दोघेही फसतात. चमत्कार निसर्गाविरुद्ध नसतो, आपल्याला ठाऊक असलेल्या निसर्गाविरुद्ध असतो, अशी मांडणी संत ऑगस्टीनने पाचव्या शतकातच केली होती.

‘चमत्कार न मानणारा ख्रिस्ती नव्हे,’ हेही सरसकट खरं नाही. येशूचं पुनरुत्थान हा श्रद्धेचा गाभा. तो सोडून चालत नाही. लुर्दसारखी दर्शनं मात्र मान्यता मिळालेली असली तरी कॅथलिकावर बंधनकारक नाहीत. प्रोटेस्टंट पंथांत अशी संतपदाची प्रक्रियाच नाही. त्यांच्यातल्या काहींच्या मते तर असे चमत्कार प्रेषितांच्या काळाबरोबरच संपले. शुभवर्तमानांतला येशूही चिन्ह दाखव म्हणून अडून बसलेल्यांना नकार देतो, आणि बऱ्या केलेल्या कुष्ठरोग्याला गावभर सांगत फिरू नकोस, आधी याजकाला अंग दाखव, असं बजावतो.

मग स्टेजवर कुबड्या फेकायला लावून देणगीची पेटी फिरवणाऱ्या सभांचं काय? तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि हा गुन्हा करणाऱ्याचा धर्म तो कायदा विचारत नाही. अशा सभेत बरं झाल्याचं कुणी सांगितलं, तर त्याच्याकडे आधीचे कागद मागावेत. लुर्दमध्येही तेच मागतात.