डॉक्टर येण्याआधीचं आरोग्य

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ च्या व्याख्येत आरोग्य म्हणजे शरीर, मन आणि सामाजिक जीवन या तिन्हींची सुस्थिती. ही व्याख्या गावात कशी उतरते, ते जामखेडला दिसतं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये या दुष्काळी भागात काम सुरू केलं. दवाखान्यात बरा झालेला माणूस घरी जाऊन तेच गढूळ पाणी प्यायला, तर पुन्हा आजारी पडणारच. म्हणून त्यांनी उपचारांच्या जोडीला स्वच्छ पाणी आणि पोषण हाती घेतलं, गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं; तरी बाळंतपणं, मुलांची वजनं, लसीकरण त्यांनी समर्थपणे सांभाळलं.

जुलाबांचंच घ्या. मूल दगावतं ते बहुधा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. थोडं थोडं पाजत राहायचं. याला डिग्री लागत नाही. पण शौचातून रक्त पडतंय, मूल मलूल आहे, पाणीही घेत नाही, तर तिथे डॉक्टरच हवा, तोही ताबडतोब. ही सीमारेषा घराघराला शिकवणं हेसुद्धा डॉक्टरचंच काम आहे, आणि मला ते शस्त्रक्रियेइतकंच मोलाचं वाटतं.

गावातल्या आरोग्यसेविकेकडे, म्हणजे आशाताईंकडे, याच कामासाठी ओआरएसची (पाण्यात कालवायच्या क्षार-साखरेची) पाकिटं मिळतात. दोन आजच घरात आणून ठेवा.