कॅलिनिनग्राड : मायभूमीपासून तुटलेले बंदर

गेल्या केंद्रसंमेलनात एका शिक्षकबंधूंनी विचारले की, शाळेतील जुन्या नकाशावर बाल्टिक समुद्राजवळ कोनिग्सबर्ग हे नाव आहे व नव्या नकाशावर तेथेच कॅलिनिनग्राड. मुलांस कोणते सांगावे? दोन्ही सांगावीत, परंतु प्रत्येकाखाली वर्षे लिहून, असे माझे मत आहे.

हे शहर रशियाचे असूनही रशियास लागून नाही. उत्तरेस व पूर्वेस लिथुआनिया, दक्षिणेस पोलंड, पश्चिमेस समुद्र. लिथुआनिया सोव्हिएत संघात होता तोवर हा तुटकपणा जाणवत नसे. १९९१ साली संघ विसर्जित झाला. २००४ साली दोन्ही शेजारी युरोपीय संघात गेले. २०२२ मध्ये त्या संघाने रशियन विमानांस आपले आकाश बंद केले, तेव्हा स्वदेशातून स्वदेशात जाणाऱ्या विमानांस समुद्रावरून वळसा घ्यावा लागला.

शहराची स्थापना १२५५ सालची, जर्मन ट्यूटॉनिक सरदारसंघाच्या हातची. बोहेमियाचा राजा ओटोकार याच्या सन्मानार्थ त्यास 'राजाचा डोंगर' या अर्थाचे नाव मिळाले. १५४४ साली येथे विद्यापीठ निघाले. तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट येथेच १७२४ साली जन्मला, येथेच शिकवू लागला व १८०४ साली येथेच वारला.

१९४४ च्या ऑगस्टमधील ब्रिटिश बाँबवर्षावात जुने शहर जळाले. ९ एप्रिल १९४५ रोजी सोव्हिएत सैन्याने ते घेतले. हिवाळ्यात न गोठणारे बंदर म्हणून सोव्हिएत नेत्यांस ते हवेच होते. १९४६ साली मिखाइल कालिनिन या नेत्याचे नाव त्यास देण्यात आले. उरलेल्या जर्मन रहिवाशांपैकी बहुतेकांस १९४८ पर्यंत बाहेर धाडले गेले व रशियातून नवी कुटुंबे आणून वसविली गेली. घरे परक्यांची, रस्त्यांची नावे नवी, आजोबांच्या आठवणी दुसऱ्याच गावच्या! तेथील शिक्षकाने 'आपल्या गावाचा इतिहास' हा पाठ कोठून आरंभावा? राजकिल्ल्याचे अवशेषही १९६८ पर्यंत सुरुंगांनी उडविले गेले. प्रार्थनामंदिर मात्र वाचले. त्याच्या भिंतीशी कांटचे थडगे आहे.

वर्गासाठी या शहराने एक सुंदर कोडे दिले आहे. प्रेगेल नदीमुळे शहराचे चार भूभाग झाले होते : दोन काठ, एक बेट व नदीच्या दोन फाट्यांमधील पूर्वेकडील भाग. बेटाला पाच पूल, इतर तिघांना प्रत्येकी तीन. एकूण पूल सात. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सर्व शहर फिरता येईल काय? ऑयलर या गणितज्ञाने १७३५ साली दाखविले की, येणार नाही. वाटेतल्या भूभागात एका पुलावरून शिरावे, तर दुसऱ्यावरून निघावे लागते. म्हणून तेथील पूल जोडीने हवेत. विषम संख्या केवळ आरंभीच्या व शेवटच्या भूभागास चालते. येथे तर चारही भूभाग विषम.

अंगणात फक्कीने नदी व सात पूल आखावेत. मुलांस प्रथम मनसोक्त चालू द्यावे. उत्तर लगेच सांगू नये. ती थकली म्हणजे कोणताही एक पूल पुसावा व पुन्हा चालावयास सांगावे. आता वाट सापडते. मात्र कोठून निघावे, हे त्यांनीच शोधावे.