सतराव्या वर्षीची पदे

मार्गशीर्ष पौर्णिमेचा दिवस कलू लागला, की आमच्या नरसोबाच्या वाडीत कृष्णेच्या घाटावर पाऊल ठेवावयास जागा उरत नाही. सायंकाळी श्रीदत्तजन्म होतो, पाळणा हलतो, सुंठवडा हाती पडतो, आणि संगमावरून येणारा गार वारा अंगावर घेत भाविक मंडळी पालखीची वाट पाहत बसतात. पंचक्रोशीतील दत्तमंदिरांत या जन्मकाळच्या कीर्तनास उभे राहण्याचे भाग्य आम्हांस चाळीसहून अधिक वर्षे लाभले. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात अत्रि-अनसूयेचे आख्यान, आणि मध्ये पदे, साक्या, दिंड्या, आर्या. या सर्व वर्षांत संतांची गाइली, पंडितकवींची गाइली, टेंबेस्वामींची करुणात्रिपदी तर असंख्य वेळा गाइली. स्वतः रचलेले एकही पद कधी गाइले नाही. ती होती, आणि आहेत. वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी रचलेली अकरा पदे. यंदाच्या कार्तिकात त्यांपैकी सातांचे ध्वनिमुद्रण केले, त्याची ही हकीकत. वाचकांनी हिला आत्मस्तुती समजू नये. पुढे वाचल्यावर तसा समज होण्याची भीतीही नाही.

ही वही शाळेची, दोनशे पानी, वर श्रीदत्ताचे चित्र डकवलेली. इ. स. १९७५ आणि १९७६ या दोन वर्षांत ती भरली. सात पदे दौतीतल्या निळ्या शाईने लिहिलेली, चार बॉलपेनाने. तेव्हा हा भेद ध्यानात येण्याचे काही कारण नव्हते. इ. स. २०१९ च्या ऑगस्टात महापुराचे पाणी वाडीत शिरले, तसे आमच्या घरातही माळ्यापर्यंत चढले. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली, तेव्हा पोथ्यांबरोबर ती वहीही लगदा होऊन निघाली. एकेक पान सोडवून दोरीवर वाळवले. बॉलपेनाची चार पदे जशीच्या तशी होती. शाईची सात पदे म्हणजे सात निळसर डाग, मधूनच एखादी वेलांटी.

त्या वेळी आम्हांस खरे सांगावयाचे तर फारसे दुःख झाले नाही. दुर्मीळ पोथ्या वाचवायच्या, की पोरवयातील कवित्व, असा प्रश्न होता. शिवाय त्या पदांविषयी आमचे मत बरे नव्हते. पुढे पुण्यास जाऊन संस्कृताचे अध्ययन केले, तसतसे ते मत अधिकच वाईट होत गेले. एका पदात सव्वा ओळीचा समास आहे आणि त्याचा विग्रह आज आम्हांस करता येत नाही. दुसऱ्यात यमकासाठी औदुंबराला अकारण 'अंबर' भेटले आहे. असो.

यंदा आश्विनात आमच्या धाकट्या भगिनीचा इचलकरंजीहून दूरध्वनी आला. तिच्या गळ्यातील थायरॉइडची गाठ काढावी लागणार होती. स्वरयंत्राकडे जाणारी नाडी त्या गाठीला लागूनच असते, म्हणून आवाजात थोडाफार फरक पडू शकतो, असे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते. ती म्हणाली, "दादा, तुझी पदे माझ्या गळ्यात आहेत. ती आधी काढून घे, मग गाठ काढू दे."

हे आमच्या कल्पनेतही नव्हते. ती आमच्याहून पाच वर्षांनी लहान. आम्ही रचावे आणि तिला म्हणून दाखवावे, कारण घरात दुसरे कोणी ऐकून घेत नसे. तिने ती पाठ केली, सासरी नेली, लेकरांना निजवताना म्हटली, गुरुवारच्या भजनी मंडळात शिकवली. वहीतून पुसलेल्या सातांपैकी पाच पदे तिच्या कंठात शाबूत होती. दोन मात्र तिलाही आठवेनात. ती आता नाहीतच.

कार्तिकात ती चार दिवस वाडीस आली. माजघरात सतरंजी अंथरली, भाच्याने मोबाइल उशीवर टेकवून ठेवला, त्याच यंत्रावर तंबोरा लावला, आणि आम्ही पेटी पुढे ओढली. पहिली अडचण स्वराची. पोरवयात आम्ही काळी तीनमध्ये गात होतो. अंतरे असे रचले होते, की प्रत्येक अंतरा तारषड्जावर जाऊन आरोळी ठोकी. आज आमची पट्टी काळी एक. तरीही दुसऱ्याच पदाला आवाज फाटला. भगिनी हसली आणि म्हणाली, "देवाला ऐकू जात नाही, असे वाटायचे का रे तुला तेव्हा?"

दुसरी अडचण आम्ही स्वतःच निर्माण केली होती. ती येण्यापूर्वी आठ दिवस बसून आम्ही हाती असलेली चारही पदे शुद्ध करून ठेवली होती. वृत्तदोष काढले, समास आवरले, जेथे सतरा वर्षांच्या पोराने देवाला उद्धटपणे विचारले होते तेथे विनयाचे शब्द घातले. तिने तो कागद वाचला आणि बाजूला ठेवला. "कपिलाषष्ठीच्या कीर्तनात तू काय सांगतोस?" तिने विचारले.

आम्ही काय सांगतो, ते आम्हांस ठाऊक होते. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढे तीन शतकांत तिच्या पाठात पुष्कळ अशुद्धे शिरली, ती नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये शोधून दूर केली, आणि या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. नाथ स्वतः एवढे मोठे कवी. मनात आणते तर माउलींच्या ओवीला ओवी जोडू शकते. त्यांनी केले ते शोधन. मूळ जसे होते तसे परत आणणे. सुधारणा ती वेगळी. आणि वर्षानुवर्षे हे श्रोत्यांना सांगणारे आम्ही, हाती लाल पेन्सिल घेऊन बसलो होतो. सतरा वर्षांचा तो मुलगा आमच्याहून लहान, आमच्याहून अडाणी आणि आमच्याच नावाचा, एवढ्यावरून त्याच्या पाठावर आमची मालकी होत नाही, हे तोवर ध्यानात आले नव्हते.

कागद फाडला. पण एका पदापाशी आम्ही अडलो, आणि ते पद म्हणजेच या साऱ्याचे मूळ.

इ. स. १९७६ चा श्रावण. मातोश्री आजारी होत्या. कृष्णेला पाणी चढत होते आणि पलीकडे जाण्याचा रस्ता बंद झाला होता. त्याच रात्री दक्षिणद्वार झाले. वाडीस न आलेल्या वाचकांसाठी सांगतो: येथे गाभाऱ्यात मूर्ती नसून श्रीनृसिंहसरस्वतींच्या मनोहर पादुका आहेत. पूर वाढला, की नदीचे पाणी मंदिरात येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या प्रवाहात स्नान घडणे हे महापुण्य. गावात आनंद होता, लोक ओल्या वस्त्रांनी दत्तनामाचा गजर करीत होते. आम्ही घराच्या उंबऱ्यावर उभे होतो. नदीला देवाच्या पायांपर्यंत जाता येते आणि आमच्या आईला वैद्यापर्यंत जाता येत नाही, एवढेच त्या क्षणी कळत होते. शेजाऱ्याचे बॉलपेन मागून आणून त्या रात्री दिंडी लिहिली. तिची पहिली दोन चरणे अशी:

नदी येते रे तुझ्या पायथ्याशी ।
मला ठेवी का दूर तू उपाशी ॥

भाद्रपदात मातोश्री गेल्या. नंतर केव्हातरी ही वही आमचे तीर्थरूप अण्णा यांच्या हाती पडली. ते जुन्या वळणाचे कीर्तनकार. त्यांनी 'ठेवी' या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढले आणि म्हणाले, "कर्ता 'तू', आणि क्रियापद 'ठेवी'? 'ठेविसी' पाहिजे. देवाशी भांडायचे तर व्याकरण शुद्ध असावे." वही मिटून त्यांनी परत दिली. त्यानंतर आम्ही एक अक्षरही रचले नाही.

अण्णांचे म्हणणे बिनतोड होते. दिंडीच्या चरणाला मात्रा १९, नवव्या मात्रेवर यती. 'मला ठेविसी का' म्हणावे तर दहा मात्रा होतात. 'मला का ठेविसि' असा ऱ्हस्व 'सि' घेतला तर नऊ भरतात, पण चाल लंगडते. ही दुरुस्ती आम्ही पन्नास वर्षे मनात करीत आलो आहो आणि ती साधलेली नाही. त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. कोणाच्या घरी दुःख झाले, की आम्ही चार शब्द सांगावयास जातो. प्रारब्ध सांगतो, शरणागती सांगतो. नामदेव-तुकोबा देवाशी भांडले हेही प्रेमाने सांगतो. मोरोपंतांची 'केकावली' सांगताना पृथ्वी वृत्ताच्या त्या संथ चालीत देवाला कसे कोंडीत पकडले आहे, ते दाखवून श्रोत्यांना डोलवतो. मोठ्यांची भांडणे आम्ही मिरवली, स्वतःचे मात्र ट्रंकेत ठेवले. एकदा शिरोळ तालुक्यातील एका गावी आमच्या कीर्तनापूर्वी स्त्रियांच्या भजनी मंडळाने हेच पद 'पारंपरिक' म्हणून म्हटले. आम्ही व्यासपीठामागे उभे राहून ऐकले आणि कोणास काही बोललो नाही. बहुधा भगिनीच्या मंडळातूनच ते तेथवर गेले असावे.

आता माजघरात तिने ते म्हणावयास घेतले, आणि दुसऱ्या चरणापाशी आमचा पेटीवरचा हात थांबला. ती म्हणत होती, "मला ठेवी का दत्त हा उपाशी." कर्ता तृतीय पुरुषी आला, 'ठेवी' आपोआप शुद्ध झाले, मात्रा दहाच्या दहा. व्याकरणाचे एक पान न वाचता तिने ते साधले होते, आणि केव्हा साधले हे तिला ठाऊकही नव्हते. ती असेच म्हणत आली होती. आम्ही पंडिती करून म्हटले, "अगं, पहिल्या चरणात 'तुझ्या' आणि दुसऱ्यात 'दत्त हा'? बोलणे कोणाशी चालले आहे?" ती म्हणाली, "भांडून झाले, तरी तो ऐकत नाही म्हटल्यावर माणूस शेजारी बसलेल्याला सांगतेच की."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते पद दोनदा मुद्रित केले. तिने तिचे म्हटले, 'दत्त हा' असे. मग आम्ही आमचे म्हटले, 'दूर तू' असे, चुकीच्या 'ठेवी'सह. वहीच्या त्या पानावर अण्णांचे लाल वर्तुळ पुराच्या पाण्यातही टिकले आहे. गाताना ते समोर होते, आणि इतक्या वर्षांत प्रथमच एक गोष्ट दिसली. वर्तुळ एकच आहे. 'उपाशी'खाली रेघ नाही, 'दूर तू'खाली नाही. भांडणाविषयी त्यांनी एक शब्दही काढला नव्हता. त्यांचीही पत्नीच गेली होती.

बाकीच्या पदांविषयी थोडक्यात. नऊ हाती होती, त्यांतील समासाचे आणि अंबराचे अशी दोन आम्ही गाळली. येथे भगिनीचेही ऐकले नाही. दोन भूपाळ्या, एक पाळणा, एक आरती आणि औदुंबरावरची दोन पदे बरी उतरली. जी तिच्या मुखातून आली, ती तिच्याच शब्दांत ठेवली, कारण मूळ कोणते हे सांगणारा पुरावा डागांत गेला आहे. पाळण्यात मध्येच संध्याकाळच्या आरतीची घंटा आली आहे. भाचा ती काढून टाकता येईल म्हणाला, राहू दिली.

दिंडीचे तिसरे कडवे मात्र सापडले नाही. वहीच्या त्या पानाचा खालचा कोपरा झडून गेला आहे, आणि तिलाही ते आठवेना. तेथे दोन्ही मुद्रणांत पेटी एकटी वाजते.

मार्गशीर्ष लागताच शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी निघाली. काही दिवस बोलावयाचे नाही, अशी सक्त सूचना आहे, त्यामुळे ती उशाशी वही ठेवून लिहून सांगते. परवा आम्ही भेटीस गेलो, तेव्हा तिने एक पान फाडून आमच्या हाती दिले. त्यावर चार ओळी होत्या. ऱ्हस्वदीर्घ सारे तिचे. खाली लिहिले होते, "तिसरे आठवले. आधी विसरले होते, कारण त्यात आईचे नाव आहे."

ते कडवे अद्याप मुद्रित व्हावयाचे आहे. तिचा आवाज परत आला म्हणजे करू.