खडकावरची बाग आणि तांब्याभर पाणी

दवाखान्याला सुटी असते त्या दिवशी मी अधूनमधून वसई-विरार परिसरातील बागप्रेमी मंडळांत खडकावरील वनस्पतींविषयी बोलावयास जातो. श्रोते बहुतेक साठीपलीकडचे असतात. डॉक्टर मधुमेह सोडून दगडांवर का बोलतात, हे कुतूहल त्यांच्या चेहऱ्यांवर प्रथम दिसतेच.

मी आरंभ करतो तो हिमालयाच्या उंच उतारांवरील वनस्पतींपासून. बोचरा वारा आणि अपुरी माती यांना तोंड देण्यासाठी त्यांतील अनेक उशीसारख्या जमिनीलगत पसरतात. वसईच्या दमट हवेत आणि उष्ण रात्रींत त्यांचा निभाव लागणे कठीण. परंतु खडकावरचे वैभव आपल्या सह्याद्रीतही आहे. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आले. तेथील जांभ्या दगडावर मातीचा थर अगदी पातळ असतो. तरीही पावसाळ्यात गेंद, तेरडा आणि सीतेची आसवे यांचे गालिचे पसरतात. मातीत पोषण कमी, म्हणून दवबिंदूसारखी वनस्पती चिकट पानांवर कीटक पकडून आपली गरज भागवते. ही रोपे उपटून आणू नयेत. ती तेथेच पाहावीत. घरी मात्र रोपवाटिकेतील कोरफडीसारखी मांसल पानांची रोपे उथळ कुंडीत, खडी आणि जाड वाळू मिसळून सहज वाढतात.

अशाच एका सभेत मी म्हणालो, "कुंडीतली ही रोपे तहानेपेक्षा लाडाने अधिक मरतात. मुळांनाही हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरल्या, की मुळे कुजतात."

सभा संपल्यावर एक वृद्ध काकू थांबून राहिल्या. "डॉक्टर, आमच्या ह्यांना स्मृतिभ्रंश आहे. पाणी घातल्याचे विसरतात आणि पुन्हा घालतात. दिवसातून सहा वेळा! झाडे मेली. काल मी त्यांच्या हातातून तांब्या हिसकावून घेतला. ते लहान मुलासारखे रडले हो."

माझे सारे व्याख्यान त्या क्षणी अपुरे ठरले. मी रोपांची बाजू मांडली होती. पाणी घालणाऱ्या हाताचा विचार केला नव्हता. त्या गृहस्थांपाशी स्वतःचे म्हणावे असे तेवढेच एक काम उरले होते.

मी म्हटले, "काकू, काम काढून घेऊ नका, रोप बदला. ओलाव्यात रमणारे नेचे आणि ब्राह्मी लावा." ब्राह्मीने गेलेली स्मृती परत येईल, अशी आशा मी दिली नाही. ती पाणी सोसते, एवढेच तिचे येथे महत्त्व. कुंडीला मोठी छिद्रे ठेवावीत, तांब्या लहान द्यावा आणि कोरड्यात वाढणारी रोपे वेगळ्या जागी हलवावीत, असेही सुचविले.

अशा घरांनी आणखी काही पथ्ये पाळावीत. कुंडीखालच्या तबकडीत पाणी साचू देऊ नये. तेथे डेंग्यूचे डास वाढतात. आठवड्यातून एकदा तरी ती घासून कोरडी करावी. सांडलेले पाणी लगेच पुसावे, कारण उतारवयातील एक घसरण खुब्याचे हाड मोडू शकते. कुंड्या कमरेइतक्या उंचीवर ठेवून खुर्चीत बसून काम करावे. वाकून एकदम उठल्यास रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना भोवळ येऊ शकते. मधुमेहींनी अनवाणी मातीत जाऊ नये. जखमेत माती गेल्यास धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती पाने तोंडात घालण्याचा संभव असतो. म्हणून कण्हेर, रुई आणि अ‍ॅडेनियम यांसारखी विषारी झाडे घरात ठेवू नयेत.

दोन महिन्यांनी काकू औषधाची चिठ्ठी घेण्यास आल्या. मी बागेची चौकशी केली. "आजार आहे तसाच आहे," त्या म्हणाल्या, "पण पाण्यावरून भांडण होत नाही. सकाळी ते तांब्या मागतात आणि मी भरून देते."

आता प्रत्येक व्याख्यानाच्या अखेरीस, घरात झाडांना पाणी कोण घालते, हे मी श्रोत्यांना आवर्जून विचारतो.